दुपट्ट्याखालची फी

पुंडलिकराव गावंड्यांनी यवतमाळात कॉलेजच्या अध्यक्षाचा हात मोडला, ही बातमी बोरी अरबला दुपारी दोनच्या एसटीनं आली. स्टँडवर उतरली तेव्हा हात नुसता मुरगळलेला होता. तिथून नानाजींच्या चहाच्या टपरीपर्यंत जेमतेम पन्नास पावलं. पण तेवढ्यात त्या हाताला प्लास्टर चढलं. तीन वाजता पोलिसांची गाडी आली, साडेतीनला पुंडलिकरावांना घेऊनही गेली, आणि चारच्या सुमारास जामिनाला कोणाचा सातबारा लावायचा यावर टपरीत दोन तट पडले. पुरावा होता ना! कोणाच्या तरी मोबाइलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ आला होता. त्यात पुंडलिकराव टेबलावर ओणवे होऊन अध्यक्षसाहेबांचा पंजा धरून आहेत, पंजावर दुपट्टा टाकलेला आहे, आणि मागून एक बाबू ओरडतोय, "अहो सोडा! सोडा त्यांना!"

"दुपट्टा कायले टाकला असंन?" कोणीतरी विचारलं.

"बोटं मोडाचा आवाज भाईर जाऊ नये म्हणून," नानाजी गाळणी आपटत म्हणाले. नानाजींना माहीत नाही अशी गोष्ट गावात अजून घडायची आहे.

पाचच्या गाडीनं खुद्द पुंडलिकराव उतरले. ना बेडी, ना शिपाई. सोबत पोरगी समीक्षा, आणि हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या, पैसे एकीचेच दिलेले. खरं सांगायचं तर त्यांनी कोणाचा हात मोडला नव्हता. धरला मात्र होता. आणि का धरला, हे कळायचं तर आधी तो माणूस कळायला हवा.

पुंडलिकराव म्हणजे सहा एकरांचे धनी. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. पण गावात त्यांचं नाव आहे ते बैलबाजारातले जाणकार म्हणून. ते व्यापारी नाहीत, दलालही नाहीत. तरी कोणाला जोडी घ्यायची असली की तो पुंडलिकरावांना सोबत नेल्याशिवाय पाऊल उचलत नाही. दात पाहावेत त्यांनी, चाल पाहावी त्यांनी, आणि सौदा करावा तोही त्यांनीच. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. समोरच्याचा हात धरायचा, वर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून काय ते सांगायचं. भोवती जमलेल्या बघ्यांना दिसतो तो नुसता हलणारा कपडा. "भाव चारचौघात फोडला का माणूस अडून बसते," पुंडलिकराव सांगतात. "झाकून बोललं तं दोघायची इज्जत राह्यते." म्हणून त्यांच्याकडे दुपट्टे दोन. एक घाम पुसायचा आणि एक सौद्याचा. सौद्याच्या दुपट्ट्याला त्यांच्या बायको बेबीताईसुद्धा विचारल्याशिवाय साबण लावत नाहीत.

हल्ली ट्रॅक्टर वाढले, जोड्या कमी झाल्या. पण हाताला लागलेली सवय कुठे जाते? मग भाजीवाली, शिंपी, न्हावी, जो सापडेल त्याच्याशी घासाघीस चालू. एका दुकानात 'एकच भाव' अशी पाटी पाहून त्यांनी विचारलं होतं, "पाटी केवढ्याची?" दवाखान्यात डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं सांगितली, तर हे दोनपासून सुरू झाले. चारावर जमलं. बाहेर येऊन बेबीताईंना म्हणाले, "एक वाचवलं." एक इंजेक्शन वाचवलं की एक टोचणं, हे बेबीताईंनी विचारलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात त्यांना कोणते प्रश्न वाया जातात हे कळून चुकलं आहे.

पण बाजाराचा दुसराही एक कायदा आहे, आणि तो पुंडलिकराव एकादशीपेक्षा कडक पाळतात. आपलं जनावर दुसऱ्याला द्यायचं तर त्याची खोड आधी सांगायची. पाण्यात उतरत नसेल, उजव्या अंगाला जुंपलं की बसकण मारत असेल, अनोळखी बाईला पाहून फुरफुरत असेल, जे असेल ते भाव बोलायच्या आधी. खोड सांगून दिलेला बैल परत येत नाही, हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. ते त्यांनी बैलांपुरतं ठेवलं असतं तर पुष्कळ गोष्टी सरळ झाल्या असत्या. मुलगी पाहायला गेले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी पाण्याचा गडवा पुढे करायच्या आतच हे मोकळे झाले होते: "मी घोरतो, मले राग लवकर येते, अन् आमच्या वावरातला एक एकर दर साली नाल्याच्या पाण्यात जाते." सोबत आलेल्या मामांनी कपाळ धरलं. पडद्याआडून बेबीताई आईला म्हणाल्या, "इथंच जमवा. बाकीचे हे सारं लग्नानंतर सांगतात."

आता समीक्षाचं पाहा. बारावीनंतर बी. फार्मला तिचा नंबर लागला तो पार दूरच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. मुलींची फी सरकारनं माफ केलेली, त्यामुळे तो घोर नव्हता. घोर वेगळाच निघाला. तिथल्या प्रयोगशाळेत काचेचं सामान कमी आणि कुलपं जास्त. औषधाची गोळी कशी बनते हे तिनं वर्षभरात पाहिलं ते मोबाइलवर, आणि तेही स्वतःचा डेटा जाळून. पोरीला शिकायची खरोखरची हौस. पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर तिनं घरी येऊन सांगितलं, "पप्पा, मले यवतमाळच्या कॉलेजात बदली पायजे. तठी दुसऱ्या वर्षाची एक जागा खाली आहे. मशीन आहे, मॅडम शिकवतात, अन् घरून येणं-जाणं होते."

जागा होती, पण ती संस्थेच्या कोट्यातली. कॉलेजात कमलाकर नावाचे बाबू होते. घरातल्या तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. बोलताना प्रत्येक शब्दाला टाचणी मारून पुढे जाणारे. त्यांनी पहिल्याच खेपेला सगळं समजावलं. "ह्या जागेला सरकारची फीमाफी लागू नाही. संस्थेची स्वतःची सवलत आहे. परंतु बदलून आलेल्यांना ती रुपयात चार आणे एवढीच. उरलेले बारा आणे पालकांनी भरायचे. सोमवार शेवटचा दिवस, दुपारी तीन."

पुंडलिकरावांनी बसल्या जागी अंदाज घेतला. असे बारा आणे भरायचे म्हणजे यंदाच्या कापसाला बोंड फुटायच्या आधी पाय फुटणार.

"उलटं करा ना बाबू," ते म्हणाले. "बारा आणे तुमी सोडा, चार आणे मी भरतो."

"हे भाजीमार्केट नाही."

"नाहीच ना. भाजीमार्केटात याच्याहून जास्त सोडतात."

कमलाकरबाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जादा सवलत देण्याचा अधिकार फक्त अध्यक्षांचा, ते म्हणाले. सोमवारी सकाळी अध्यक्ष पालकांना भेटतात. अर्ज आणा, कागद आणा, आणि पुंडलिकरावांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "बोलायचं काम मुलीला करू द्या."

समीक्षानं रविवारभर बसून अर्ज लिहिला. जुन्या कॉलेजात फी माफ होती त्याचा कागद, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, ना-हरकत, सगळं एका फायलीत लावलं. सोमवारी गाडीत बसल्याबरोबर तिनं बापाकडून कबुली घ्यायला सुरुवात केली.

"पप्पा, तठी तुमी काही बोलाचं नाही."

"नाही बोलत."

"भाव पाडाचा नाही."

"नाही पाडत, बेटा."

"अन् कोणी माह्याबद्दल विचारलं तं फक्त म्हनाचं, हुशार आहे."

यावर पुंडलिकराव खिडकीबाहेर पाहू लागले. कोणाच्या तरी शेतातलं सोयाबीन पिवळं पडलं होतं, ते त्यांना एकदम फार महत्त्वाचं वाटलं.

अध्यक्ष भगवानराव मोठ्या शेतकरी घरातले. कपडे पांढरेशुभ्र, इस्त्री इतकी कडक की बसताना कागदासारखा आवाज यावा. संस्थेला यंदा पंचवीस वर्षं होत होती, त्यामुळे साहेब खुशीत होते. खोलीत भिंतीला लागून सहा-सात पालक बसलेले, आणि एकेकाला टेबलासमोर बोलावत होते, बाकीच्यांच्या देखतच. प्रत्येक जण आपल्या लेकराची आरती ओवाळत होता. एकाचा मुलगा पहाटे चारला उठत होता. एकीची मुलगी मोबाइलला शिवतही नव्हती. एकाचा तर सुट्टीच्या दिवशी सुट्टी का दिली म्हणून रडत होता. एवढं निर्दोष पीक एका खोलीत पाहून पुंडलिकरावांना बाजाराच्या आदल्या दिवशी शिंगांना तेल लावून उभे केलेले बैल आठवले.

समीक्षाची पाळी आली. तिनं अर्ज दिला, नीट बोलली, कुठे अडखळली नाही. भगवानरावांनी कागद चाळले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो, मुलगी कशी आहे अभ्यासात?"

समीक्षानं टेबलाखालून बापाचा पाय दाबला. पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. 'हुशार आहे' हे शब्द खरोखरच जिभेवर आले होते. पण समोर सौदा, आणि खोड सांगितल्याशिवाय सौदा, हे त्या जिभेला जमेना.

"सकाळी उठत नाही," ते म्हणाले.

भगवानरावांनी हातातला कागद खाली ठेवला.

"तीन अलार्म लावते. तिन्ही तिची माय बंद करते. पहिल्या वर्षी गणितात नापास झालती, पुन्हा पेपर देऊन सुटली. राग आला का जेवत नाही, अन् मंग गुपचूप डबे उघडून पाह्यते. अन् प्रश्न लय विचारते. मास्तर थकते, हे थकत नाही."

टेबलाची काच उचलून खाली शिरता आलं असतं तर समीक्षा शिरली असती. "पप्पा!" ती दातांतून म्हणाली.

भगवानराव मात्र पुढे झुकले. "आणखी?"

"आणखी काही नाही. कामाले खरी आहे. एकदा धरलं का सोडत नाही. बाकी गुणपत्रक तुमच्या हातात आहे, दात पाहून घ्या."

भगवानराव खुर्ची हलेपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, "कमलाकर, पंचवीस वर्षांत खरं बोलणारा पहिला बाप भेटला मला! हिची फी पूर्ण माफ. सोळाच्या सोळा आणे!"

भिंतीकडच्या पालकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या लेकरांच्या खोडी आठवायला घेतल्या. समीक्षाचा श्वास मोकळा झाला. पुंडलिकरावांच्या मिशीतही हसू फुटलंच होतं, तेवढ्यात साहेबांनी पुढचं वाक्य टाकलं.

"अन् ऐका. पंचविसाव्या वर्षाचं मोठं फ्लेक्स लावतोय आम्ही बसस्टँड चौकात. त्यावर तुमचा दोघांचा फोटो. तुम्ही असे हात जोडून उभे, मी पत्र देतोय. वर लिहू, 'गरीब शेतकऱ्याच्या लेकीला संस्थेचा आधार'."

मिशीतलं हसू मिशीतच जिरलं. सहा एकरांचा धनी, आठ गावांत ज्याच्या शब्दावर जोड्या जातात-येतात, तो बसस्टँड चौकात बारा फुटी फ्लेक्सवर हात जोडून! नको म्हणायचं होतं, पण खोलीभर लोक कान टवकारून बसलेले. अशा वेळी माणूस काय करतो? जे आयुष्यभर केलं तेच करतो. पुंडलिकरावांनी खांद्यावरचा सौद्याचा दुपट्टा काढला, टेबलावर ओणवे झाले, साहेबांचा उजवा पंजा धरला आणि वरून दुपट्टा टाकला.

कमलाकरबाबूंच्या घरात तीन पिढ्यांत कोणी बैल घेतला नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की एका पालकानं साहेबांना धरलं आहे. "अहो सोडा! सोडा त्यांना!" ते ओरडले, आणि मागच्या एकानं मोबाइल वर केला. गावभर फिरलेले अकरा सेकंद ते हेच.

दुपट्ट्याखाली पुंडलिकरावांनी साहेबांची चार बोटं दाबली. चार आणे मी भरतो. भगवानराव आधी बावरले. मग लहानपणी वडिलांच्या मागे बाजारात हिंडलेला पोरगा त्यांच्यात जागा झाला असावा. डाव्या हातानं त्यांनी बाबूंना गप्प बसवलं आणि आत मूठ मिटली. काहीच भरू नका. पुंडलिकरावांनी मूठ उकलून पुन्हा चार दाबली. साहेब दोनावर आले. पुंडलिकराव चार. साहेब तीन. पुंडलिकराव चार. असा सौदा बाजारानं पाहिला नसेल. घेणारा भाव चढवतोय, देणारा पाडतोय, आणि घाम दोघांनाही.

शेवटी भगवानरावांनी हात ओढून घेतला. आता ते हसत नव्हते. "मी देतोय, अन् तुम्ही नको म्हणता? घ्यायचं तर पूर्ण घ्या, फ्लेक्ससकट. नाहीतर नियमाप्रमाणं चार आण्यांची सवलत, बारा आणे भरा. तीनपर्यंत खिडकी उघडी आहे."

पुंडलिकरावांनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि पाठ फिरवून चालू लागले. बाजारातलं हे शेवटचं हत्यार. निघून जायचं, सात पावलांच्या आत हाक येतेच. सात पावलं झाली. दार आलं. हाक नाही. पुंडलिकराव व्हरांड्यात येऊन चपला घालू लागले. चपला घालायला माणसाला वेळ तरी किती लागतो? त्यांनी डावी उजव्या पायात घातली, काढली, पुन्हा तिथंच घातली. आतून काही नाही. बैल हातचा गेला तर पुढच्या आठवड्यात बाजार असतो. पोरीची जागा तीन वाजता जाणार होती, आणि ती घालवायला बाप स्वतः उठून आला होता.

मागे वळून पाहिलं तर समीक्षा सोबत आलीच नव्हती. आतून तिचा आवाज आला.

"सर, तुम्हाला फ्लेक्सवर फोटो पाहिजे ना?"

"हो, मग?"

"हात जोडलेला फोटो दोन महिन्यांत फाटते, सर. चार आणे आम्हाला भरू द्या. पुढच्या वर्षी मी कॉलेजात पहिल्या तिघांत आले तर निकालाचा फोटो लावा. तुमचं नाव मोठं, माझं लहान."

"अन् नाही आलीस तर?"

"तर पुढं एक आण्याचीही सवलत देऊ नका. सगळी फी भरू आम्ही."

व्हरांड्यात पुंडलिकरावांच्या हातून चप्पल पडली. एवढी मोठी बोली त्यांनी उभ्या जन्मात लावली नव्हती, आणि पोरीनं लावली तीही त्यांच्याच वावराच्या जोरावर.

आत खुर्ची करकरली. मग भगवानरावांचा आवाज आला, आणि या वेळी त्यात पुन्हा हसू होतं. "अहो गावंडे! एक खोड लपवली तुम्ही. ही पोरगी तुमच्यापेक्षा जबर सौदा करते! या आत, सही करा."

कमलाकरबाबूंनी अर्जावर बारा आण्यांची सवलत लिहिली, खाली 'विशेष बाब' लिहिलं, आणि कागद पुंडलिकरावांपुढे सरकवताना आपला हात चटकन मागे घेतला.

परतीच्या गाडीत समीक्षानं फीची पावती फायलीत नीट लावली. मग एकदम म्हणाली, "अलार्मचं सांगाची काय गरज होती?"

"ते नसतं सांगतलं तं गणिताचं कोणी खरं मानलं नसतं."

"गणिताचं तरी कायले सांगाचं?"

यावर मात्र पुंडलिकरावांना पुन्हा खिडकीबाहेरचं सोयाबीन आठवलं.

हात शाबूत असल्याचं कळल्यावर गावाची फार निराशा झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत समीक्षानंच मैत्रिणींना सारी हकिकत सांगितली, आणि गावाला हात मोडण्यापेक्षा सरस बातमी मिळाली: पुंडलिकरावांचं डोकं फिरलं. ज्या माणसानं दुसरी जुडी फुकट मागितल्याशिवाय कधी कोथिंबीर घेतली नाही, त्यानं सोळा आण्यांची माफी लाथाडली आणि भांडून भांडून चार आणे खिशातून भरले! बेबीताईंना नळावर बायकांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी बावीस वर्षं त्यायच्यासोबत राहून राह्यली वं, मले आता काहीच नवल वाटत नाही."

पोरीला पहिल्या गाडीत बसवून पुंडलिकराव वावराकडे निघाले, तर नानाजींनी त्यांना वाटेतच गाठलं. मागे आणखी तिघेचौघे, खास ऐकायला आलेले.

"काय बापा पुंडलिकराव," नानाजी म्हणाले, "सारी दुनिया फुकटाच्या मागं धावून राह्यली, अन् तुमी फुकट भेटलेलं वापस केलं? एका फोटोसाठी? फोटोनं काय अंगाले भोकं पडतात का?"

"फोटोचं सोडा," पुंडलिकराव म्हणाले. "सारं फुकट घेतलं असतं, अन् उद्या मास्तर वर्गात आला नसता, तं कोणत्या तोंडानं विचारलं असतं? आता चार आणे भरले आहे नानाजी, महिन्यातून चारदा जाऊन विचारीन."